चुलाण बंद असतानाचं पान

आप्पा, तुमचा फोन अजून वाजतो. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा राहूला, तुमच्या गावी आले तेव्हा तो देवळीत ठेवलेला होता, तुमच्या चष्म्याशेजारी, आणि काकू त्याच्याकडे पाठ करून गहू निवडत बसल्या होत्या. फोन वाजायला लागला तसा काकूंचा हात सुपातच थांबला. वाजून वाजून तो गप्प झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळधरनं असंच चाललंय. लोकं गूळ इचारत्यात. मी काय सांगू त्यांना, यास्मिन?"

तो नंबर लोकांच्या हातात मीच दिला होता. तुमच्या गुऱ्हाळाची वेबसाइट मी केली, नकाशावर खूण मी टाकली, आणि तुम्हाला बजावून सांगितलं की आप्पा, काही झालं तरी हा नंबर बदलायचा नाही. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखा असला तरच सर्चचा आपल्यावर विश्वास बसतो. तुम्ही म्हणालात, "नंबर कशाला बदलू? मी काय पळून चाललोय?"

संदीप सणसवाडीच्या कंपनीतून रजा काढून आला होता. त्याने मला अंगणात बाजूला घेतलं. "मॅडम, नकाशावर 'कायमचे बंद' असं टाकता येतं ना, ते टाकून द्या. साइटपण काढून टाका. शिफ्ट सोडून गुऱ्हाळ बघणं मला जमायचं न्हाई, आन् आईच्या मागं हा फोनचा ताप कशाला?" तुमच्या मुलाचं काही चुकत नव्हतं. पण काकूंनी आतून ऐकलं आणि सूप हातात घेऊनच दारात आल्या. "कायमचं बंद असं तेवढं नगं लिहू," त्या मला म्हणाल्या. "दुसरं काय बी लिही. आन् फोन मी उचलायची न्हाई, आधीच सांगते. माझ्या तोंडानं मी कुणाला सांगायची न्हाई, ते गेले म्हणून."

दुसरं काय लिहायचं ते मला सुचेना. हे सगळं मी तुम्हालाच विचारलं असतं, म्हणून तुमच्याशीच बोलत बसले आहे.

तुम्ही पहिल्यांदा शिरूरला माझ्या ऑफिसात आलात तो दिवस घ्या. ऑफिस कसलं, बाजारपेठेतल्या शिवणकामाच्या दुकानावरची खोली. जिना चढून तुम्हाला दम लागला होता, तरी बसायच्या आधी फडक्यात बांधलेली गुळाची ढेप माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलीत. "आधी खा म्याडम, मग बोलू." खाल्ल्यावर मी विचारलं, काम काय आहे? तुम्ही म्हणालात, "एक पुण्याचं गिऱ्हाईक आलं व्हतं. मला म्हणतंय, आप्पा, तुम्ही नेटवर कुठंच न्हाई. मी राहूत जल्मलो, राहूत म्हातारा झालो, सगळा मुलूख मला वळखतो, आन् हे म्हणतंय मी कुठंच न्हाई! म्हंजी मी हाय का न्हाई, तेवढं तुम्ही सांगा."

मी खूप हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत, उत्तराची वाट बघत बसलात. दुसऱ्या दिवशी कीबोर्डात मुंग्या झाल्या आणि कितीतरी दिवस त्या माझ्या बोटांवर चढत होत्या.

आज मी तो प्रश्न आठवून हसू शकत नाही. राहूच्या रस्त्यावर तुम्ही कुठेच नाही, आणि शोधायला गेलं की पहिल्या ओळीत तुम्हीच आहात, टोपी घालून. हे असं उलटं होईल असं मला कोणी शिकवलं नव्हतं. वेबसाइट कशी करायची ते शिकवतात, माणूस गेल्यावर तिचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

तो टोपीचा फोटो आठवतो? मला फक्त गुळाचे, काहिलीचे, उकळत्या रसाचे फोटो हवे होते. तुम्ही लग्नातला सदरा आणि कोरी टोपी घालून काहिलीखालच्या चुलाणापुढे उभे राहिलात. वाऱ्याने चिपाडाची राख उडाली आणि अख्खा डावा खांदा करडा झाला. काकू ओट्यावरून ओरडत होत्या, "ह्यांना कुणीतरी सांगा, ती कापडं धुणार कोण हाय!" मी म्हटलं, राख पुसून टाकते फोटोतून, सोपं असतं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. गुऱ्हाळवाल्याच्या अंगावर राख नसली तर लोकं म्हणतील हा भाड्यानं आणलाय." तो फोटो इतका जड होता की त्याच्यापायी साइट उघडायला वेळ लागायचा. साइट हळू असली की सर्चमध्ये मागे पडते, हे मी तुम्हाला किती वेळा समजावलं असेल. तुमचं एकच उत्तर, "गूळ बी हळूच व्हतो, यास्मिन." म्याडमवरून यास्मिनवर तुम्ही कधी आलात ते मला कळलंच नाही.

मग शब्दांची बैठक. लोक काय लिहून शोधतात ते शब्द आपल्या पानांवर हवेत, असं मी सांगितलं आणि पडद्यावर यादी काढली. गावरान गूळ, काकवी, गुऱ्हाळ माझ्या जवळ. तुम्हाला त्यातलं काहीच पटेना. "असं तुटक कोण इचारतं? माणूस इचारताना नीट इचारतो." आणि तुम्ही सांगितलेलं वाक्य मला मथळा म्हणून टाकायला लावलंत. 'चांगला गूळ कुठं मिळंल हो?' सांगते तुम्हाला आता, आप्पा. आजपर्यंत एकाही माणसाने ते वाक्य लिहून शोध घेतलेला नाही. एकानेही नाही. मी दर महिन्याला बघायचे आणि तुम्हाला सांगायचं टाळायचे. तो मथळा मी काढलाही नाही, कारण पान उघडलं की तुम्ही दारात उभे राहून विचारताय असं वाटायचं.

तुमच्या सगळ्या उद्योगांत सप्ताहाचा उद्योग सगळ्यात मोठा. लोकांनी चांगले अभिप्राय लिहिले की आपण वर येतो, एवढंच मी बोलून गेले होते. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला अख्खं गाव जेवायला बसलं होतं आणि तुम्ही कीर्तनकारांच्या हातातला माइक मागून घेतलात. "ज्यांनी ज्यांनी परसाद घेतलाय, त्यांनी हात धुतल्याबरूबर मोबाईल काढायचा आन् आपल्या गुऱ्हाळाला पाच तारे द्यायचे. काय वाटलं ते खरं लिवायचं." लोकांनी खरंच लिहिलं. 'आमटी एक नंबर.' 'बुंदी अजून पाहिजे होती.' 'महाराजांचा आवाज गोड, पण पंखे कमी होते.' गुळाबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी मी शिरूरला चहा पीत ते वाचत होते आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर नकाशावर तुमच्या गुऱ्हाळाखाली 'आमटी' हा शब्द ठळक दिसायला लागला, कारण सगळे तेच बोलत होते. हायवेवरून जाणारी माणसं फोन करून थाळी केवढ्याला विचारायची. मी म्हटलं, आप्पा, हे काढायला मी अर्ज करते. तुम्ही ऐकायला तयार नाही. पुण्याहून एक कुटुंब तर गाडी घेऊन थेट गुऱ्हाळावरच आलं, लहान मुलं, एक म्हातारी आजी, सगळी भुकेली. तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत की इथे जेवण मिळत नाही. काकूंनी भाकरी थापल्या, आमटी टाकली, आणि आजीला चुलाणाच्या उबेला बाज दिली. मी रागावले तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, आली ती आपलं नाव वाचूनच ना? मग परत कशी धाडायची?" काकू फोनवर मागून बोलल्याचं ऐकू आलं, "ह्यांना काय जातंय म्हणायला." मग आम्ही तिघंही हसलो.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुमच्या डोक्यात धंदा म्हणजे काय आहे. तुम्ही फोनसुद्धा तसाच उचलायचात. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. उचलल्याबरोबर, "बोला, कुठवर आलाय?" समोरच्याने अजून घर सोडलेलं नसायचं, कित्येकांना यायचंही नसायचं, नुसता भाव विचारायचा असायचा. पण तुमच्या लेखी फोन करणारा प्रत्येक जण निघालेलाच. माझी अम्मी आजारी होती त्या दिवसांत मी एकदा उगाचच तुम्हाला फोन लावला. तुम्ही विचारलंत, "बोल, कुठवर आलीस?" आणि मी खरंच स्कूटी काढून निघाले. न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडला की तुमच्या शिवारातला गुळाचा वास लागतो. तो वास लागेपर्यंत मी रडत होते, पुढे नाही.

आणि ते परक्यांचे मोबाईल! तुम्ही रोज सकाळी आपल्या फोनवर स्वतःला शोधायचात आणि पहिला नंबर बघून खूश व्हायचात. मी एकदा तुमचा तो आनंद घालवला. म्हटलं, तुमचा फोन तुम्हाला ओळखतो, तो तुम्हाला तुमचंच दाखवणार. खरं बघायचं तर परक्या माणसाच्या फोनवर बघा. झालं. बँकेच्या रांगेत, चौफुल्याच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, तुम्ही दिसेल त्याला म्हणायला लागलात, "पाव्हणं, जरा मोबाईल देता का? मी हाय का न्हाई ते बघायचंय." दौंडच्या स्टेशनवर एकाला वाटलं हा म्हातारा मोबाईल घेऊन पळणार. तुम्ही त्याला खिशातला गुळाचा खडा देऊन शांत केलंत आणि मग मला फोन केलात, "यास्मिन, दौंडला मी तिसरा हाय! कायतरी कर."

अभिप्रायांना तुम्ही दिलेली उत्तरं मी या दिवसांत सारखी वाचते. बोलून टाइप करायचात, त्यामुळे तुमचा आवाज जसाच्या तसा आहे त्यात. एकाने एक तारा देऊन लिहिलं होतं, गूळ काळा आहे. खाली तुमचं उत्तर: 'काळाच असतो. तुम्ही या, पुढ्यात करून दाखवतो. पण उन्हाचं येऊ नका, डोक्याला टोपी घाला.' एका बाईने लिहिलं होतं, सासूबाईंना आवडला. तुम्ही लिहिलंत: 'त्यांना नमस्कार सांगा आणि गुडघे कसे आहेत ते कळवा.' त्या सासूबाईंचे गुडघे दुखतात हे तुम्हाला कसं माहीत, ते विचारायचं राहून गेलं. असं किती राहून गेलं, आप्पा. गुळाच्या चहात दूध नासू नये म्हणून तुम्ही नेमकं काय करायचात तेही राहिलं. माझा दर वेळी नासतो. ईदला शीरखुर्म्याचा डबा राहूला यायचा आणि काकवीने भरून परत जायचा, तो या वेळचा डबा अजून तुमच्या फळीवरच आहे. मी निघताना काकूंनी तो हातात घेतला आणि परत ठेवून दिला. "रिकामा कसा देऊ तुला?" म्हणाल्या.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी हरले असंही मानायचं कारण नाही.

तुमच्याकडे रीत आहे, मला माहीत आहे. ज्याचं चुलाण थंड असेल त्याने दारात आलेलं गिऱ्हाईक पुढच्या गुऱ्हाळावर पोचतं करायचं. नुसतं बोट दाखवायचं नाही, सोबत जायचं, निदान बांधापर्यंत. तुम्हाला साइटवर तेच हवं होतं. चुलाण बंद असेल त्या दिवसांसाठी एक वेगळं पान, आणि त्यावर शेजारच्या तात्यांचं गुऱ्हाळ, ओढ्यापलीकडचं गुऱ्हाळ, त्यांचे नंबर, जायची वाट. मी ऐकून गारच पडले. एवढी मेहनत करून आपण वर यायचं आणि आलेलं गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं? "आप्पा, असं कोणी करत नाही. आपल्या पानावरून आपणच लोकांना बाहेर काढायचं नसतं." तुम्ही म्हणालात, "मग आपलं पान वाचून माणूस आला, आन् चुलाण गार बघून मोकळ्या हातानं परत गेला, तर तो कुणाला शिव्या देईल? राहूलाच ना?" तात्या तर तुमचे सख्खे स्पर्धक, हे मी म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "स्पर्धक असू दे की. भाऊबी हाय त्यो."

तुम्ही मजकूरसुद्धा सांगून ठेवला होतात. मी लिहून घेतला नाही, पण तो मला पाठ आहे. शेवटच्या फोनवरही तुम्ही तेच विचारलंत, "ते पान कवा करायचं?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. अजूनही कोणी गिऱ्हाइकाने मला असं पान मागितलं तर मी नकोच म्हणेन. धंद्याला ते बरं नाही. हे मी तुमच्या तोंडावर सांगते आहे.

पण तुम्ही गेलात त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तात्यांच्या काहिलीत रस चढलेला होता, उकळी धरायला आली होती. निरोप आला तसा त्यांनी जाळ ओढून काढायला लावला आणि तो सगळा रस ओतून दिला. ओढ्यापलीकडेही तेच. त्याच दिवशी मी पूल ओलांडला तेव्हा शिवारात कुठेच धूर नव्हता आणि वास नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी राहूला वासाशिवाय पोचले. रस्ता चुकल्यासारखं झालं मला, गाडी थांबवून मी विचारून पुढे आले.

काल काकूंच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून मी किती वेळ बसले होते. 'कायमचे बंद' वर बोट नेलं आणि मागे घेतलं. मग उठून बांधावरून तात्यांकडे गेले आणि तुमच्या पानावर त्यांचा नंबर टाकू का असं विचारलं. तात्या चिपाडं पसरत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आप्पाचं नाव वर ठेव. माझं खाली टाक, बारीक." मी मान हलवली. ते मला पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

परत येऊन मी तुमचं पान केलं. शब्द तुमचेच. 'आमचं चुलाण सध्या बंद आहे. पण आला आहात तर मोकळ्या हातानं परत जाऊ नका. ओढ्याअलीकडे तात्यांचं गुऱ्हाळ आहे, पलीकडे आणखी एक आहे. दोघांचाही गूळ चांगला. आप्पांनी पाठवलं म्हणून सांगा. वाट सापडली नाही तर फोन करा.' खाली तुमचा नंबर, तसाच, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात तात्यांचा. राखेच्या खांद्याचा फोटोही तसाच. संदीपला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "फोन करा, हे कशाला ठेवलं? उचलणार कोण?" काकूंकडे कोणी बघितलं नाही. मी म्हटलं, "ते त्यांचं वाक्य आहे, मी काढणार नाही." संदीपने मान खाली घातली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग."

मी निघाले. न्हावऱ्याला चहाला थांबले आणि आपल्या फोनवर तुम्हाला शोधलं. तुम्ही पहिले. पण माझा फोन मला ओळखतो, आप्पा. तो मला तुम्हीच दाखवणार.

शेजारच्या बाकावर एक माणूस चहा पीत होता, अंगात कंपनीचा शर्ट, पायाशी हेल्मेट. मी असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. "दादा," मी म्हटलं, "जरा तुमचा मोबाईल देता का? एक गोष्ट बघायची होती." त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मोबाईल न्हाई देत. काय बघायचं ते सांगा, मी बघतो." मी सांगितलं, राहूचा गूळ बघा. त्याने अंगठ्याने टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तुम्ही होतात. पहिल्या ओळीत, टोपी घालून, खांद्यावर राख.

तो पान उघडून मोठ्याने वाचायला लागला. "आप्पांनी पाठवलं म्हणून सांगा," इथे आला आणि हसला. "भारीच हायेत की हे आप्पा. स्वतःचं बंद, आन् दुसऱ्याचा पत्ता देत्यात. आई लई दिवस झाले गूळ आण म्हणतीय. वाट इचारतो जरा." मी म्हणणार होते, राहू द्या, तो फोन कोणी उचलत नाही. तेवढ्यात त्याने वरचा, तुमचा नंबर दाबला आणि चहाचा कप घ्यायला हात मोकळा हवा म्हणून स्पीकर लावून मोबाईल बाकावर ठेवला.

रिंग वाजत राहिली. देवळीतला फोन, चष्म्याशेजारचा, मला डोळ्यांसमोर दिसत होता. आता रिंग बंद पडणार असं वाटलं आणि पलीकडे कोणीतरी घसा खाकरला.

"बोला," काकू म्हणाल्या, "कुठवर आलाय?"